नऊ टेबलांचं झाड

माझी धाकटी जाऊ आणि मी एका घरात राहतो आणि एकाच शाळेत शिकवतो. मी गणित, ती चित्रकला. सकाळी दोघी एकाच ओट्याशी उभ्या असतो, मग एकाच रस्त्याने चालत जातो आणि मधल्या सुट्टीत एकमेकींच्या डब्यात हात घालतो. सासूबाई म्हणतात, "तुम्हाला एकमेकींचा कंटाळा कसा येत नाही गं?" येतो की. नळाखाली ब्रश धुऊन ती सगळं बेसिन निळं करून ठेवते तेव्हा तर चांगलाच येतो. पण इतकी वर्षं जवळून बघूनही हिच्या हातून काय होतं आणि ते कसं होतं, ते मला अजून नीट कळलेलं नाही. एखाद्या माणसाकडे बघताना आपोआप हात जोडावेसे वाटतात, तसं मला तिच्या बाबतीत दोनदा झालं.

पहिल्यांदा झालं ते ती लग्न होऊन घरात आली तेव्हा. स्वयंपाकघराच्या भिंतीला ओल येऊन मोठा पिवळट डाग पडला होता. सासूबाई त्यावर कॅलेंडर टांगायच्या, तरी तो दोन्ही बाजूंनी बाहेर डोकवायचाच. नवी सून एकदा हातात कोळशाचा तुकडा घेऊन त्या डागासमोर उभी राहिली. डागाला हात न लावता तिने कडेकडेने चार रेघा ओढल्या. एक शिंग, एक कान, पोटाखाली दुमडलेला पाय. बघता बघता डागाची गाय झाली. निवांत बसलेली, रवंथ करणारी. सासूबाई आधी करवादल्या, "भिंत खराब केलीस की!" दुसऱ्या दिवशी कॅलेंडर त्यांनी स्वतःच दाराच्या मागे नेऊन टांगलं.

हे सगळं तिच्याकडे वडिलांकडून आलेलं. ते पाट्या रंगवायचे. दुकानांच्या लहान पाट्या तर रंगवायचेच, पण रस्त्यावर उंच लागतात तसल्या मोठ्या जाहिरातीही करायचे. एवढं मोठं चित्र एका माणसाच्या आवाक्यातलं नसतं. मग ते पत्र्यांवर वाटून घ्यायचं आणि अंगणात पत्रे पसरून चार कारागीर चार ठिकाणी बसायचे. एकाच्या वाट्याला नाक आलं, तर दुसऱ्याच्या वाट्याला नुसती सदऱ्याची बाही. एक काका आठवडाभर मिशीच रंगवत बसायचे आणि जेवायला उठले की म्हणायचे, "आज उजवीकडची झाली हो!" पूर्ण चेहरा कोणालाच दिसायचा नाही. तो दिसायचा थेट वर चढवल्यावर. माझी जाऊ तेव्हा परकर सावरत, सरळ रेघ मारायच्या खडूच्या दोरीचं दुसरं टोक धरून उभी असायची. वडील सगळ्यांना एकच विचारत फिरायचे, "शेजाऱ्याशी कड मिळाली का?"

ती आमच्या शाळेत लागली तेव्हा नववीचा चित्रकलेचा तास म्हणजे नुसता आराम होता. दिवसातला शेवटचा तास. वर्गात दोन-तीन मुलांचा हात चांगला, ती काढायची. बाकीच्यांनी पाचवीतच ठरवून टाकलेलं की आपल्याला येत नाही. कोणी माझा गृहपाठ उरकायचा, कोणी कागदाची होडी करून बाकाखालून पाठवायचा. ती प्रत्येकाजवळ जाऊन बसायची, समजवायची, शाबासकी द्यायची. ती उठून गेली की कागद पुन्हा कोरा.

त्यात दोन मुलं मला चांगली लक्षात आहेत. एक उस्ताद. हे नाव पोरांनीच ठेवलेलं. त्याचा हात खरोखरच सुंदर होता आणि हे त्याला पुरेपूर ठाऊक होतं. दुसरी मुलगी. तिला सगळे खोडरबर म्हणायचे. रेघ ओढायची की लगेच पुसायची. पुन्हा ओढायची, पुन्हा पुसायची. शेवटी कागद झिजून त्याला भोक पडायचं आणि मग ती हात मांडीवर ठेवून गप्प बसायची. माझ्या तासालाही तेच. उत्तर बरोबर असलं तरी खोडून टाकायची.

एक दिवस मुख्याध्यापक शेवटच्या तासाला वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. होडी नेमकी त्यांच्या बुटाशी आली. त्यांनी ती उचलून कोटाच्या खिशात टाकली. मग आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. आता दोघींना का, तर नववीला गणिताचा एक तास वाढवून द्या म्हणून मी वर्षभर त्यांच्या मागे लागले होते. पोरं भूमितीत कच्ची होती, काय करणार.

"बाई," ते माझ्या जावेला म्हणाले, "सत्राच्या शेवटी आपला वार्षिक समारंभ आहे. सभागृहाची मागची भिंत उघडी आहे. तिच्यासाठी तुमच्या वर्गाने मिळून एक चित्र करायचं. मिळून म्हणजे सगळ्यांनी. त्या दोघा-तिघांचं नको, ते मी दरवर्षी बघतो. जमलं तर तास तुमचा. नाही जमलं तर गणिताला देऊन टाकू."

घरी कळल्यावर सासूबाईंनी माझ्याकडे रोखून बघितलं. "म्हणजे हिच्या ताटातलं उचलून तुझ्या ताटात?"

"आई, मी नाही उचलत, सर वाढतायत."

"वाढणाऱ्याला नको म्हणता येतं हो."

जाऊ हसली. म्हणाली, "ताई, तुम्ही मुळीच वाईट वाटून घेऊ नका. भूमितीत कच्ची आहेत ते मलाही दिसतं. पट्टी धरता येत नाही एकालाही." आणि ताट घासता घासता थांबून म्हणाली, "बाबांसारखं करून बघते."

तिने एक लहानसं चित्र काढलं. जमिनीतून सरळ वर गेलेला झाडाचा जाड बुंधा, वर पसरलेल्या फांद्या, डावीकडच्या फांदीवर ओळीने बसलेले पक्षी, खाली सावलीत पोरं. मुख्याध्यापकांनी ते पाहिलं, मान डोलावली. मग तिने त्याचे नऊ चौकोनी तुकडे केले. तिनाच्या तीन ओळी. फाटू नयेत म्हणून तुकडे पुठ्ठ्यावर चिकटवले. वर्गातले बाक जोडून नऊ टेबलं केली आणि दर टेबलाला चौघं बसवली. प्रत्येक टेबलाला एकच तुकडा आणि तो मोठा करून काढायला दोन-अडीच हात लांब-रुंद एकच चौरस कागद. कोणी कुठे बसायचं ते तिनेच ठरवलं. हात चांगला असलेली मुलं तिने मुद्दाम वेगवेगळी केली.

"चौघांना चार कामं," तिने सांगितलं. "एक मापं घेईल, एक रेघा ओढेल, एक रंग कालवेल. चौथा उठून शेजारच्या टेबलावर जाईल आणि कड जुळवून येईल. त्यांची रेघ आपल्या कागदात जिथून शिरणार, तिथूनच आपली निघाली पाहिजे. जाडी तीच, रंग तोच. पुढच्या तासाला कामं बदलायची. गुण टेबलाला. एकट्याला नाहीत."

उस्ताद ताडकन उभा राहिला. "बाई, म्हणजे ह्यांच्यामुळे माझे जाणार?"

"किंवा तुझ्यामुळे त्यांचे," ती म्हणाली. "कडेवरून भांडण झालं तर आपसात मिटवायचं. माझ्याकडे यायचं नाही. आणि खोडरबर आणायचं नाही. चुकलं तर त्याच्याच पुढे काय होतं ते बघायचं."

खोडरबर नावाच्या पोरीकडे सगळ्या वर्गाने वळून पाहिलं. तिचा चेहरा पडला. तिच्या टेबलाला मधला तुकडा आला होता. त्यात पान नाही, पक्षी नाही, आभाळ नाही. नुसता बुंधा, सालीच्या जाड रेषा आणि एक ढोली. तो तुकडा कोणालाच नको होता.

पहिले दोन-तीन तास नुसता गोंधळ होता. "आमची फांदी तुमच्याकडे बोटभर येते, तुमची हातभर कशी?" "मग तुम्ही जाड करा!" "आम्ही का? तुम्ही बारीक करा!" कड जुळवायला जाणाऱ्याला पोरं वकील म्हणायला लागली. माझा वर्ग शेजारीच, मला सगळं ऐकू यायचं. आवाज बंद करा म्हणून सांगायला मी एकदा तावातावाने गेले आणि दारातच थांबले. सगळा वर्ग उभा होता, पण उंडारत कोणीच नव्हतं. हातात पट्ट्या होत्या. पाचवीपासून ज्यांनी कागदाला पेन्सिल लावली नव्हती ती पोरं शेजाऱ्याच्या कागदावर वाकून माप घेत होती. आणि माझी जाऊ? ती खिडकीशी, वर्गाकडे पाठ करून उभी.

"अगं, बघ तरी जरा," मी म्हणाले.

"मी बघितलं की ती माझ्याकडे बघतात," ती हळूच म्हणाली. "मग एकमेकांकडे बघायचं राहून जातं."

त्याच दिवशी मी उस्ताद आणि खोडरबर यांचं भांडण ऐकलं. उस्तादचं टेबल वरच्या ओळीत मधोमध, म्हणजे तिच्या टेबलाच्या बरोब्बर वर. तो वकील होऊन आला होता.

"तुमचा बुंधा आडवा कसा?"

"आमच्या तुकड्यात असाच आहे."

"झाड आडवं असतं का?"

"हे आहे."

"माझ्या फांद्या कशातून फुटणार मग? हवेतून?"

तिने आपल्या कागदाकडे पाहिलं. आता बसणार हात मांडीवर ठेवून, असं मला वाटलं. पण पुसायला काही नव्हतं ना. तिने कागदाच्या उजव्या टोकावर बोट ठेवलं. "मी इथून वर वळवते. तू तुझ्या फांद्या इकडे उजवीकडे घे."

"सगळ्या?"

"मग मधेच तोडू?"

तो पुटपुटत गेला. पण गेला आणि त्याने फांद्या उजवीकडे घेतल्या. खालच्या टेबलाचा वकील आला, त्याच्याशीही तिने असंच जमवलं. "तुमचा डावीकडे झुकवा. मी माझं टोक खाली आणते."

मी हे सगळं ऐकलं आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. मला मूळ चित्र आठवत होतं, पण असली कडेची भांडणं रोजचीच, मधल्या तुकड्यातली साल आडवी की उभी हे मी कशाला बघते? आणि जाऊ कधी रंग द्यायला फिरायची तेव्हा पोरं कागदाभोवती चारी बाजूंनी बसलेली असायची. कागदाचं वर कुठलं नि खाली कुठलं हे कोणाला कळणार? तास संपला की कागद भिंतीकडे तोंड करून ठेवायचे. तिच्या वडिलांच्या अंगणासारखंच, पूर्ण चित्र कोणी बघायचं नाही.

समारंभाच्या आदल्या दुपारी नऊ कागद पुठ्ठ्यांवर लावून सभागृहात आले. शिडी होती, खिळे होते. ओळ सरळ यावी म्हणून खडूची दोरी होती. तिचं एक टोक जावेने माझ्या हातात दिलं. "ताई, घट्ट धरा. हलू नका." अख्खी नववी खाली फरशीवर बसली होती. मुख्याध्यापक मागे हाताची घडी घालून उभे.

खालची ओळ लागली. जमीन, गवत, सावली. चित्रातली पोरं मात्र बुंध्याजवळ नव्हती, उजवीकडे सरकून बसली होती. आणि बुंधा वर जाता जाता डावीकडे झुकत गेलेला. जाऊ शिडीवरून खाली उतरली, दोन पावलं मागे आली. मी तिचा चेहरा पाहिला. ती एकटक बुंध्याकडे बघत होती.

"ताई," ती कुजबुजली, "बाण."

"कसला बाण?"

"प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर मी बाण काढला होता. वर कुठलं ते कळायला. पुठ्ठ्यावर चिकटवल्यावर ते सगळे झाकले गेले. मग पुठ्ठ्याच्या मागे पुन्हा काढले. मधल्याचा…" तिने डोळे मिटले. "मधल्याचा राहिला."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या पोरीने तुकडा आडवा धरून काढला होता. तिचं बघून शेजाऱ्यांनी आपापली कड बदलली. त्यांचं बघून त्यांच्या शेजाऱ्यांनी. सगळं झाड बिघडलं होतं. आणि मुख्याध्यापकांनी सरळ झाड पाहिलेलं. मी मनात म्हटलं, देवा, तो तास मला नको. असा तर नकोच नको.

"थांबवू या का?" मी विचारलं.

तिने नकारार्थी मान हलवली. "आता वर जाऊ दे सगळं."

मधली ओळ लागली. मग वरची. शेवटचा खिळा ठोकून ती उतरली आणि अख्ख्या नववीने माना वर केल्या.

मला ते नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. झाड जमिनीतून निघालं होतं, डावीकडे कललं होतं आणि मग भिंतीच्या अर्ध्या उंचीवर चक्क आडवं झालं होतं. कधीतरी वादळात पडल्यासारखं. सालीच्या रेषा लांबच लांब आडव्या वाहत गेल्या होत्या, मधे ढोली डोळ्यासारखी उघडी. आणि पडल्या जागेवरून, उजव्या टोकाला, ते पुन्हा उठलं होतं. वळण घेऊन सरळ वर. तिथून उस्तादच्या सगळ्या फांद्या एकाच बाजूला उसळल्या होत्या. वरच्या उजव्या कोपऱ्यात पानांची इतकी दाटी की आभाळ दिसत नव्हतं. डावीकडे मात्र सगळं रिकामं. तिथल्या पक्ष्यांची फांदीच शेजाऱ्यांनी पळवलेली. त्यांच्या टेबलाने मग काय करावं? बसलेल्या पक्ष्यांचे पंख उघडले होते. सगळे उडत होते. आणि पोरं सावलीच्या मागोमाग उजवीकडे येऊन बसली होती. कुठेही तुटलेलं नाही. कुठेही ठिगळ नाही.

अशी झाडं मी रस्त्याने जाताना पाहिलेली आहेत. पडलेली आणि पुन्हा उठलेली. आपण बघतो आणि पुढे जातो. इथे ते कोणी काढायला घेतलंच नव्हतं. बाईंनी नाही, उस्तादने नाही, कोणीच नाही. जो तो आपल्या शेजाऱ्याची कड सांभाळत होता, बास. दोरी हातात होती म्हणून, नाहीतर मी खरोखरच हात जोडले असते.

मुख्याध्यापक पुढे आले. "बाई, तुम्ही मला दाखवलं होतं ते हे नाही."

"नाही सर."

"मग हे कोणी काढलं?"

जाऊ मुलांकडे वळली. "एका तुकड्यावर खूण करायची राहिली," ती म्हणाली. "तो तुम्ही आडवा धरलात. चूक माझी आहे, मधल्या टेबलाची नाही. मूळ झाड सरळ होतं."

मग मागून बारीक आवाज आला. खोडरबर उभी राहिली होती. तिचा हात सवयीने खिशाकडे गेलेला.

"बाई, मग पुसायचं?"

"पुसून तर बघ!" उस्ताद ओरडला. इतक्या जोरात की स्वतःच दचकला. "हात तर लाव! माझ्या सगळ्या फांद्या तिच्यावर उभ्या आहेत!"

"आमचे पक्षी पण!" दुसऱ्या टेबलातलं कोणीतरी म्हणालं. "परत कुठे बसवायचे ते?" आणि मग नऊही टेबलांचे वकील एकदम बोलायला लागले. कोणी काय कुणासाठी वळवलं, कोणाचं ऐकून काय सरकवलं. मुख्याध्यापक या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघत राहिले. ज्या पोरांचा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता, ती पोरं त्यांना हात धरधरून भिंतीपाशी नेत होती. "सर, हे बघा, इथे आम्ही ह्यांना जागा दिली."

बऱ्याच वेळाने ते माझ्याकडे वळले. कपाळावरचा घाम पुसला. "गणिताच्या बाई, त्या तासाचं तुमचं काय म्हणणं?"

"सर, माझ्या हातात दोरी आहे," मी म्हणाले. "मला हलू नका म्हणून सांगितलंय."

ते हसले. खिशात हात घातला, तर ती होडी अजून तिथेच होती, चुरगळलेली. ती त्यांनी माझ्या जावेच्या हातावर ठेवली. "तास तुमचा, बाई," म्हणाले. "पण दार लावून घेत जा. आवाज फार येतो."

घरी सासूबाई दारातच उभ्या. "तास कोणाच्या ताटात?"

"जिच्या होता तिच्याच," मी म्हटलं. त्यांनी "बरं झालं" एवढंच म्हटलं आणि दोघींच्या पुढ्यात पाणी आणून ठेवलं. हे त्या एरवी कधी करत नाहीत.

जाऊ बेसिनशी ब्रश धूत होती. बेसिन हिरवंगार झालेलं. आज मला त्याचा कंटाळा आला नाही.

"ताई, तो बाण मी खरंच विसरले हो. मुद्दाम नाही."

"मला माहीत आहे."

"मग असं कसं जमून आलं?"

मी भिंतीवरच्या गायीकडे पाहिलं. "ते मला विचारू नकोस," मी म्हणाले. "ज्याला विचारायचं त्याला मी रोज सकाळी दिवा लावताना विचारते. तो सांगत नाही."

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर गेले. समारंभाआधी, कोणी नसताना एकदा बघावं म्हणून. सभागृहाचं दार उघडंच होतं. भिंतीपाशी खोडरबर उभी होती, एकटी. खुर्चीवर चढून ती बुंध्यावरून बोट फिरवत होती, हळूहळू, डावीकडून उजवीकडे.

"काय शोधतेस गं?"

ती दचकली नाही. "आमची कड, बाई. आमचं कुठे संपतं आणि त्यांचं कुठे सुरू होतं, ते सापडेना."

मी चष्मा लावला आणि तिच्या शेजारी जाऊन बघू लागले. कागदांचा सांधा होता, नखाने लागत होता. पण रंग तिथे थांबत नव्हता, रेघ थांबत नव्हती. मला पण नाही सापडली.